ऑईल कुठून गळायलंय: पावडर मारावी की डाय टाकावा?

पैठणला नाथसागरात आमची जुनी डिझेल बोट आहे, यंदा तिच्या बुडात ऑईल साचायलं. मिस्त्री म्हणला मागचं सील (इंजिनाचा दांडा मागं बाहेर निघतो तिथली ऑईल अडवणारी रिंग) गेलं, म्हणजे इंजिन उचलायचंच. मी म्हणलं थांबा, आधी शोधू. (ते ऑईल पंपानं धरणात सोडू नका, डब्यात काढा, हेच पाणी संभाजीनगर पितं.)

पावडरचा उपाय स्वस्त. इंजिन धुवून कोरडं पुसायचं, टाल्कम मारायची, थोडं चालवून बंद करायचं, जिथं ओली काळी झाली तिथं गळती. वरच्या झाकणाला, फिल्टरला बेस, पण मागं फ्लायव्हीलपाशी (इंजिनामागचं जड चाक) हातच पोचत नाही.

यूव्ही डाय, म्हणजे अतिनील (यूव्ही) उजेडात चमकणारा रंग, महाग पडतो. तो ऑईलमधीच टाकायचा आन् इंजिन चालवून अंधारात यूव्ही टॉर्च मारली की ओघळाची आख्खी वाट चमकते, कुठून निघाला ते कळतं, आन् हेच लई महत्त्वाचं, कारण बोटीत इंजिन बहुतेक मागं झुकतं बसवलेलं असतं, वरचं ऑईलबी मागं जातं आन् आळ येतो सीलवर.

आमचं तसंच निघालं, झाकणाचं पॅकिंग गेलतं. म्हणून मी डायच म्हणीन. फक्त ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) चोक आहे का बघा, आत प्रेशर वाढलं तर नवं पॅकिंगबी गळतं.