जॉफिश की वॉचमन गोबी? बीळ करणारा मासा आणण्याआधी

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये बिळात राहणारा मासा हवा असला की बहुतेक जण शेवटी दोन नावांवर येऊन थांबतात: यलोहेड जॉफिश आणि यलो वॉचमन गोबी. दोघेही साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत वाढतात, पाणीही दोघांना सारखंच चालतं. म्हणून निर्णय माशाच्या रंगावरून घेऊ नका, तुमच्या वाळूवरून घ्या.

जॉफिश बीळ स्वतः खणतो, तेही तोंडाने. तोंड भरून वाळू उचलायची, बाहेर येऊन थुंकायची, पुन्हा आत. मग शिंपल्याचे तुकडे आणि खडे एकेक करून आणायचे आणि भिंतीला नीट बसवायचे. रात्री तर एखादा खडा ओढून तो बिळाचं तोंडसुद्धा बंद करतो. मी तासन्‌तास हे बघत बसलोय. पण नुसती बारीक वाळू दिली तर भिंत सारखी ढासळते आणि मासा बेजार होतो. बारीक वाळू, जाड वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि पोवळ्यांचे तुकडे असं मिश्रण हवं आणि थर 10 ते 15 सेंटिमीटरचा. पूर्ण टँकभर एवढा थर जमत नसेल तर एका बाजूला तरी द्याच.

गोबीचं तसं नाही. त्याच्यासाठी खणते ती पिस्टल श्रिंप, म्हणजे त्याच्याच बिळात राहणारी एक छोटी कोळंबी. तिला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर येताना ती आपली मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबीने शेपटी थरथरवली की ती झटक्यात आत. या जोडीला 5-7 सेंटिमीटर वाळू पुरते. श्रिंप मिळाली नाही तरी गोबी एखाद्या दगडाखाली जागा करून सुखाने राहतो. मासा कोणताही आणा, दगड मात्र थेट टँकच्या तळाच्या काचेवर टेकवा. वाळूवर ठेवलेला दगड खालची वाळू उपसली गेली की कलंडतो आणि मासा त्याखाली चिरडतो.

झाकण दोघांनाही लागतं, पण जॉफिशच्या बाबतीत त्यात तडजोड नाही. बीळ तयार होण्याआधीच्या रात्री सर्वांत धोक्याच्या. माझा पहिला जॉफिश तिसऱ्याच रात्री पाइपसाठी ठेवलेल्या फटीतून बाहेर पडला. सकाळी तो जमिनीवर सापडला, ते अजून मनातून जात नाही. बारीक जाळी, कडेपर्यंत घट्ट.

खाण्याच्या बाबतीत गोबी सोपा: वाळूवर पडलेलं मायसिसही (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाद्य) उचलतो. जॉफिश बिळावर उभा तरंगत वाहून येणारं टिपतो, त्यामुळे खाणं त्याच्यापर्यंत पोचेल असा प्रवाह हवा. शेजारी दांडगे असतील तर तो बाहेरच येत नाही आणि उपाशी राहतो.

पहिलाच मरीन टँक असेल तर मी गोबी आणि श्रिंपच सुचवेन. खोल वाळू आणि शांत शेजारी देता येत असतील, तर मात्र जॉफिश घ्या. नर अंडी तोंडात सांभाळतो, ते आपल्या टँकमध्ये दिसलं तर दुसरं काही नको वाटतं. ब्लूस्पॉटेड जॉफिशच्या रंगाला मात्र भुलू नका. तो कॅलिफोर्नियाच्या आखातातला, त्याला थंड पाणी लागतं. प्रवाळांच्या नेहमीच्या उबदार टँकमध्ये तो फार टिकत नाही.

छोट्या टँकमध्ये दोन्ही एकत्र ठेवू नका, श्रिंपचे बोगदे जॉफिशच्या बिळाखालून जातात. आणि घेण्याआधी दुकानदाराला समोर खाणं घालायला सांगा. खात नसेल तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.