गहू बंद झाल्यावर: गिरणीची ज्वारी की पाकिटातलं ग्लूटेन-फ्री पीठ?

आधी एक गोष्ट. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होण्याचा आजार. त्याची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) व्हायची असेल तर गहू आत्ताच सोडू नका. गहू बंद केला की तपासणीत मोजली जाणारी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

निदान पक्कं झालं असेल तर चव, पोषण आणि खर्च, तिन्हीत ज्वारी-नाचणी सरस. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तयार पिठात किंवा ब्रेडमध्ये बहुधा तांदूळ, मका, टॅपिओकाचा स्टार्च आणि चिकटपणासाठी झँथन गम. तंतू कमी, त्यामुळे नुसत्या त्यावर राहिलात तर बद्धकोष्ठ होऊ शकतं. त्याची पोळी लाटता येते, ही सोय मात्र खरी. भाकरीला हात बसावा लागतो, आणि पीठ जुनं होऊन विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की सुगरणीचीही भाकरी थापताना चिरते.

मग पाकीट घ्यायचंच कशाला? गिरणीमुळे. तुमच्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालेलं असतंच. ‘आधी मूठभर ज्वारी टाकून साफ करतो, ताई,’ असं गिरणीवाले मनापासून सांगतात, पण सीलिॲकला ते पुरत नाही. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणून माझा कौल असा: गहू कधीच न पडलेली घरघंटी असेल तर डोळे मिटून भाकरी, नसेल तर तसं लिहिलेलं ज्वारीचंच पाकीट. ब्रेड प्रवासापुरता.

सीलिॲक नसून नुसतं गव्हाने पोट फुगत असेल, तर दोष बऱ्याचदा गव्हातल्या फ्रुक्टन या कर्बोदकाचा असतो. त्यांना गिरणीतला कणभर गहू सहसा बाधत नाही.

भाकरी सुरू केल्यावर गॅस वाढला म्हणून लगेच घाबरू नका. एकदम तंतू वाढले की तसं होतं. क्रम असा ठेवा: मऊ भात, तांदळाची भाकरी, मग ज्वारी. बाजरी सगळ्यांत शेवटी. सीलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत काहींना दूधही सोसत नाही, ताक बहुतेकांना चालतं.

आणि पीठ कुठलंही निवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ यांत गहू असतो का ते विचारा. बांधानी (पीठ मिसळलेल्या) हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरही वाचा. त्यात बहुतेक वेळा मैदा असतो, आणि रोजच्या फोडणीतून तो पोटात जातो.