चिखलदऱ्याच्या पठारावर लहान ट्रेलरसाठी शांत मुक्काम

शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला जाणाऱ्याला शांतता शोधावीच लागते, कारण देवी पॉइंट, भीमकुंड आणि गाविलगडाच्या वाटेवर अमरावती, अकोला, नागपूरकडच्या गाड्यांची रीघ लागते आणि वाहनतळावर दरवाजे उघडे टाकून मोठ्याने गाणी लावलेली असतात. जीपमागे दोन माणसांच्या झोपण्यापुरता ट्रेलर जोडून येणाऱ्याची अडचण आणखी मोठी असते. हॉटेलांच्या आवारात ट्रेलर वळवायला जागा मिळत नाही, घाटरस्त्याच्या कडेला रात्र काढणे धोक्याचे आहे, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, तसा तो करूही नये. म्हणून मोथा गावाच्या परिसरात एका गवळी कुटुंबाने आपल्या वावराचा एक तुकडा मुक्कामासाठी राखून ठेवला आहे, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर असला तरी बराचसा रस्ता घाटाचा आहे, त्यामुळे ट्रेलर ओढत असताना अंधार पडण्यापूर्वी वर पोहोचण्याच्या हिशेबानेच निघावे. जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरले तर तो वळणावर डोलू लागतो. ते चाकांच्या किंचित पुढे ठेवावे. डांबरी रस्ता सोडून पांदण रस्त्याला लागताना वळण काटकोनी आहे, आणि तेथे ट्रेलरचे आतले चाक नालीच्या अगदी काठावरून जाते. एकाने खाली उतरून चाकाकडे पाहत इशारे द्यावेत, हे मी आग्रहाने सांगेन. मालकांनी त्या कोपऱ्यावर चुन्याने रंगवलेले दगड ठेवले तर येणाऱ्यांची मोठी सोय होईल.

जागा मात्र मनापासून आवडली. मुरूम दाबून सपाट केलेल्या जागेवर ट्रेलर जवळजवळ समपातळीत उभा राहतो, आणि जो थोडा उतार आहे तो चाकाखाली पातळ फळी सरकवली की निघून जातो. हूक सोडण्याआधी चाकांना लावण्यासाठी बाभळीच्या लाकडाच्या उट्या तेथेच ठेवलेल्या आहेत. त्यांची धार चाकाच्या गोलाईप्रमाणे तासलेली आहे, म्हणजे कोणीतरी स्वतः ट्रेलर लावून पाहिल्याशिवाय हे सुचणार नाही. दोन ट्रेलरमध्ये भरपूर अंतर ठेवलेले असल्यामुळे शेजाऱ्याचे बोलणे कानावर पडत नाही.

येथील शांतता आपोआप आलेली नाही, ती राखली जाते, आणि या जागेची खरी किंमत मला त्यातच दिसते. जागेचे मालक काकाजी फोनवरच बजावतात की स्पीकर चालणार नाही, जनरेटर चालणार नाही, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी गावातले लॉज पाहावे. आम्ही तेथे असताना एका मोठ्या गटाला त्यांनी नम्रपणे परत पाठवले. सुट्टीच्या दिवसाचे उत्पन्न सोडून शब्द पाळणे सोपे नसते. रात्री फक्त गोठ्यातल्या म्हशींची हालचाल ऐकू येते, आणि पहाटे धारा काढण्याची लगबग सुरू होते. उशिरापर्यंत झोपणाऱ्यांनी ट्रेलर गोठ्यापासून दूरच्या धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, लावावा.

सोयी मोजक्याच आहेत. शौचालय एकच असून त्याची वाट अंधारी आहे, पाणी ड्रमांत साठवलेले असते, आणि ट्रेलरची बॅटरी भरण्यासाठी विजेची जोडणी नाही. जेवण आधी सांगितल्यास भाकरी, पिठले आणि ठेचा मिळतो. घरचा खवा मात्र आवर्जून मागावा, कारण या भागात तो नाव राखून आहे. परिसरात अस्वल आणि बिबट्याचा वावर असल्याने खरकटे किंवा खाण्याचे डबे बाहेर ठेवू नयेत आणि रात्री मुलांना एकटे सोडू नये.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत खाली परतवाड्यात पुरणारी चादर येथे पुरत नाही. जाड रजई न्यावीच. पावसाळ्यात दाट धुके उतरते आणि पांदण रस्त्यात चाके रुततात, म्हणून त्या दिवसांत ट्रेलर नेऊ नये. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, त्यातही सोमवार ते गुरुवार. नोंदणी करताना ट्रेलरची हुकासकट लांबी सांगावी, म्हणजे काकाजी वळायला पुरेल अशी जागा मोकळी ठेवतात.