ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन शिकायचंय: ड्राफ्टर घ्यावा की थेट कॅडचा क्लास लावावा?

ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन म्हणजे एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसते ते कागदावर मापात काढणं. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश पक्का झाला, की घरात हा विषय निघतोच. ड्रॉइंगसाठी बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर (बोर्डाला स्क्रूनं लावायचा, काटकोनातल्या दोन पट्ट्यांचा सरकता हात) आणायचा, की लॅपटॉप आहेच तर सरळ कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकायचं? बडोद्यात, त्यातून दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत, या चर्चेत आजोबाही उतरतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन, म्हणजे आजची विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, त्यांच्या डोक्यात टी-स्क्वेअरसकट (ड्रॉइंगच्या टी-आकाराच्या पट्टीसकट) पक्कं बसलेलं असतं. नातू म्हणतो, आता हातानं कोण काढतंय?

सुरुवातीपुरता माझा कौल आजोबांना. पण ‘हाताला वळण लागतं, शिस्त येते’ या त्यांच्या कारणासाठी मात्र नाही.

ऑर्थोग्राफिकमध्ये रेघा मारणं हा सोपा भाग. वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल हे ओळखणं थोडं अवघड. आणि नुसती ती दृश्यं पाहून वस्तू डोळ्यांपुढे उभी करणं सगळ्यात अवघड. फ्रंट व्ह्यू चौकोन आहे, टॉप व्ह्यूही तेवढाच चौकोन. वस्तू कोणती? बहुतेक जण ‘घन’ म्हणून मोकळे होतात. पण ती पाचर असू शकते, मग साइड व्ह्यू त्रिकोण येईल. दंडगोलाची उभी चिरून काढलेली, आडवी ठेवलेली पाव फोड असू शकते, मग साइड व्ह्यू पाव वर्तुळ येईल. ही शंका आपणहून मनात यायला लागली की विषय आला असं समजा.

त्यासाठी बोर्डही नको आणि कॅडही नको, कपडे धुण्याच्या साबणाची वडी पुरे. वडी अरुंद कडेवर उभी करा. वरच्या कडेनं ४० मिमी मोजा, त्याच टोकाकडून खाली ३० मिमी मोजा आणि सुरीनं तो कोपरा सरळ उडवा. आता ग्राफ पेपरवर तिन्ही दृश्यं काढा. समोरून तिरकी कड दिसते, ती मोजली तर बरोबर ५० भरते. तोच उतरता पृष्ठभाग वरून ४० दिसतो आणि कापलेल्या बाजूनं ३०. पृष्ठभाग एकच, मापं तीन, आणि खरी लांबी फक्त एका दृश्यात. त्या पृष्ठभागाचा खरा आकार तर तिन्हींपैकी कशातच दिसत नाही, त्यासाठी वेगळा ऑक्झिलिअरी व्ह्यू, म्हणजे त्या उतरत्या पृष्ठभागाकडे काटकोनात बघून काढलेलं दृश्य, लागतो.

बोर्डावर हेच नीट मापात होतं. फ्रंट व्ह्यूच्या प्रत्येक कोपऱ्यातून प्रोजेक्टर, म्हणजे पुसट जोडरेघ, खाली ओढायचा, वस्तूची खोली (पुढून मागपर्यंतचं माप) ४५ अंशांच्या रेघेवरून वळवून साइड व्ह्यूत न्यायची. दर वेळी ‘हा कोपरा तिकडे कुठे गेला?’ हे स्वतःला विचारावंच लागतं. ही पद्धत बसवणारा फ्रेंच गणिती गास्पार मोंज किल्ल्यांच्या आखणीतली किचकट आकडेमोड टाळायला निघाला होता. कागदावर रेघ ओढली की उत्तर मिळतं, हे फ्रेंच लष्कराला इतकं मोलाचं वाटलं की ते बरीच वर्षं गुपित राहिलं.

बोर्डाचा जाच काही कमी नाही. ड्राफ्टरचा स्क्रू सैल झाला की समांतर रेघा समांतर राहत नाहीत. शीट मळते. बॉर्डर, टायटल ब्लॉक (शीटच्या कोपऱ्यातली नाव-तपशिलाची चौकट) आणि लेटरिंगमध्ये अख्खी दुपार जाते आणि त्यातून नजर अजिबात तयार होत नाही. म्हणून कॉलेजनं मागितल्याशिवाय नवा ड्राफ्टर घेऊ नका. सीनियरकडून जुना घेतलात तर पट्ट्यांमधला कोन सेट-स्क्वेअर लावून ९० आहे ना, तेवढं बघून घ्या. आणि जीटी मारायची, म्हणजे काचेखाली ट्यूबलाइट ठेवून मित्राची शीट छापायची, तर ड्राफ्टरचे पैसे वायाच गेले. अर्थात कॅडमध्ये फाइल कॉपी करायला काचसुद्धा लागत नाही.

कॅडबद्दल बोलताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. टू-डी कॅड, म्हणजे ऑटोकॅड किंवा मोफत मिळणारं लिब्रेकॅड, हा खरं तर बोर्डच आहे. कोपरा कुठे जातो ते तुम्हालाच ठरवायचं, फक्त खोडरबर लागत नाही. लॅपटॉपवरूनच सुरुवात करायची असेल तर इथून करा, फारसं बिघडत नाही.

थ्री-डीचं तसं नाही. सॉलिडवर्क्स किंवा फ्रीकॅडमध्ये मॉडेल बनवलं की तिन्ही व्ह्यू आयते शीटवर येतात, लपलेल्या कडांच्या तुटक रेघांसकट. नोकरीत हेच हवं आणि पुढे हेच शिकायचं. पण नवशिक्याला आधीच उत्तर दाखवलं तर तो प्रश्न सोडवत नाही. त्याचा उपयोग तपासायला करा: आधी हातानं तिन्ही व्ह्यू काढा, मग फ्रीकॅडमध्ये तीच वस्तू बनवून ताडून बघा. चुकलेली तुटक रेघ लगेच सापडते.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ किंवा मिलिंगवर काम करणाऱ्याला यातलं फारसं काही विकत घ्यायची गरज नाही. त्याला ड्रॉइंग वाचायचं आहे. ग्राफ पेपर, एचबी पेन्सिल आणि शॉपमधलेच जॉब (मशीनवर घडवायचे तुकडे) समोर ठेवून मुक्तहस्त स्केचिंग, एवढ्यानं महिन्याभरात फरक पडतो. कॅडच्या क्लासची फी त्यानं सध्या खिशातच ठेवावी.

त्याच्यासाठी ‘अँगल’ची, म्हणजे कुठलं दृश्य कागदावर कुठे मांडायचं या पद्धतीची, बाब मात्र जास्त महत्त्वाची. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात: टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली, डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, तिथे टॉप वर आणि डावं दृश्य डावीकडेच. गल्लत झाली की डाव्या अंगाचं भोक उजव्या अंगाला पडतं आणि जॉब भंगारात जातो. टायटल ब्लॉकजवळ कापलेल्या शंकूची खूण असते. तिच्यातली वर्तुळं शंकूच्या लहान तोंडाकडे असतील तर थर्ड अँगल, मोठ्या तोंडाकडे असतील तर फर्स्ट. कॅडमध्येही हे सेटिंग असतं आणि टेम्प्लेट अमेरिकन निवडलं की ते गुपचूप थर्डवर जातं, तेव्हा पहिली शीट काढायच्या आधी ते उघडून बघा.