‘कंपनी मिक्स चालत नाही’ म्हणत जुना टायर गळ्यात

दीडशे सीसीची गाडी, मागचा टायर संपलेला, पुढच्याची नक्षी अजून निम्मी शिल्लक. कोल्हापुरातला दुकानदार म्हणाला, "पुढं एक कंपनी, मागं दुसरी चालत नाही साहेब, गाडी शेपूट हलवते. जोडीच घाला." गिऱ्हाईक घाबरलं, दोन्ही टायर घातले, साध्या चिठ्ठीवर पैसे दिले. २०२५ च्या जूनमधली गोष्ट. नंतर करूळ घाटात भर पावसात मागचं चाक सटकलं.

मागच्या टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचली तेव्हा सगळा प्रकार उघडा पडला. तारखेचे चार आकडे ४०१९, म्हणजे २०१९ च्या ४० व्या आठवड्यातला माल. साडेपाच वर्षं पडून रबर कडक झालेलं, वरून काळं पॉलिश. मापही खाली उतरवलेलं: गाडीचं मूळ १००/९०-१७ ५५ पी, बसवलेलं ९०/९०-१७ ४९ पी. ‘पी’ ही वेगाची खूण, तिच्या आधीचा आकडा भाराचा: ५५ म्हणजे २१८ किलो पेलणारा, ४९ म्हणजे १८५. डबलसीट जाताना ज्या चाकावर जास्त भार पडतो, त्याचीच ताकद ३३ किलोनं घटवली. पडून राहिलेला माल खपवायचा होता, आणि गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष कंपनीच्या नावावर होतं.

माप, भार, वेगाची खूण आणि बांधणी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असेल तर रोजच्या वापराच्या गाडीला पुढं-मागं वेगळी कंपनी चालते. रबर आणि नक्षी वेगळी, म्हणून वळणावर सुरुवातीला अंदाज वेगळा लागतो, एवढंच. पुढं रेडियल आणि मागं साधा नायलॉन मात्र घालू नका. रेडियलच्या मापात इंग्रजी ‘आर’ असतो. पुढच्या चाकाचा टायर मागं बसवलेलाही आम्ही पाहिलाय. बाजूवर ‘फ्रंट’ की ‘रिअर’ ते वाचा, फिरण्याचा बाण चाकाच्या दिशेनं आहे का तेही बघा.

पुढचा टायर कधी बदलायचा हे खाचेतल्या बारीक उंचवट्यावरून ठरतं. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, म्हणजे सुमारे ०.८ मिमी उरली, की टायर संपला. नवा म्हणून दाखवलेल्या टायरमध्ये हे उंचवटेच दिसत नसतील तर जुन्या टायरला खाचा कोरून विकल्याचा दाट संशय धरा. खाचेच्या तळाशी दोरा दिसला तर हातसुद्धा लावू नका.

बसवताना समोर उभे राहा. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा घ्या. अलॉयच्या ट्यूबलेस चाकात "हवा धरत नाही" म्हणत ट्यूब कोंबत असतील तर आधी रिमची कड घासून साफ करायला सांगा. बहुतेकदा तिथल्या गंजामुळं किंवा घाणीमुळं हवा गळते. चाक चढल्यावर चेन ताणायच्या खुणा चाकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या आडव्या पट्टीचा नट आणि त्याची पिन परत बसली का ते स्वतः बघा. पिन राहिली आणि नट सुटला तर ब्रेक दाबताच आतली प्लेट फिरते. पहिले दीडशे किलोमीटर नव्या टायरवर गाडी फार झुकवू नका.

पक्क्या बिलावर माप आणि तारखेचे आकडे लिहून घ्या, टायरच्या बाजूचा फोटो काढा. दुकानदार बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते.