ख्रिस्ती लेखकांची एकदिवसीय परिषद की दर महिन्याची वाचन-बैठक?

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी माझ्यासाठी थांबली. ती साक्ष (प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते) लिहिते, मननं (बायबलच्या वचनांवरचं छोटं चिंतन) लिहिते, वहीत थोड्या कविताही आहेत. पुण्यात कॅम्पात नवोदित ख्रिस्ती लेखकांची एक दिवसाची परिषद आहे, तिथे नाव द्यावं की आमच्या दर महिन्याच्या वाचन-बैठकीला यावं, असं तिला विचारायचं होतं. तिला महिन्यातून एकच शनिवार मोकळा मिळतो आणि पैसेही बेताचेच आहेत. मी दोन्हीकडे जाऊन आले आहे, त्यामुळे तिला जे बोलले तेच जरा सविस्तर लिहिते.

परिषदेत प्रार्थना, गीत, मुख्य भाषण, दोन-तीन सत्रं, जेवण आणि दुपारी प्रश्नोत्तरं असतात. एका दिवसात लिहिणं येत नाही, पण लिहिण्यामागचा व्यवहार कळतो आणि तोच आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतो. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतो, हे मला अशाच एका सत्रात समजलं. तोवर मी त्यासाठी एका छपाईवाल्याला पैसे मोजायला निघाले होते. लेखक गेल्यावरही ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क राहतात, हेही तिथेच कळलं. म्हणजे १९१९ साली वारलेल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत आपल्या पुस्तकात खुशाल घ्यावं, पण आजच्या गीतकाराचं घ्यायचं तर आधी त्याला विचारावं. बायबलमधल्या उताऱ्यांचंही तसंच. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर आता सर्वांना खुलं आहे. नव्या भाषांतरातून पानंच्या पानं उतरवायची असतील तर प्रकाशकाची परवानगी लागते. आमच्या बैठकीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

शिवाय तिथे संपादक भेटतात. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघालं, १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू झालं; आपल्याकडे नियतकालिकांची परंपरा जुनी आहे, पण पहिला लेख पाठवताना हात थरथरतोच. लेख किती शब्दांचा हवा, नाताळच्या अंकाचा मजकूर कधीपर्यंत द्यायचा, हे संपादकाला समोर उभं राहून विचारलं की भीती बरीच कमी होते.

नाव देण्याआधी एक मात्र नक्की विचारा: सत्रं कोणत्या भाषेत आहेत? पुण्यात असे कार्यक्रम बरेचदा इंग्रजीत होतात. मी एकदा पूर्ण दुपार लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा एजंट कसा गाठावा हे ऐकण्यात घालवली. मराठीत लेखक सहसा थेट प्रकाशकाकडेच जातो. ते व्याख्यान चांगलं होतं, पण माझ्या कामाचं नव्हतं.

आता बैठक. क्वार्टर गेटजवळ एकीच्या घरी आम्ही सहा-सात जण जमतो, त्यात दोघं कॅथलिक. खर्च म्हणाल तर बसचं तिकीट आणि आळीपाळीने नेलेला खाऊ. नियम एकच: आणलेलं पान मोठ्याने वाचायचं. माझ्या पहिल्या पानावर होतं, ‘प्रभूने माझ्या जीवनात अद्भुत कार्य केले व मला कठीण परीक्षेतून सोडविले.’ एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, “अगं, पण झालं काय होतं ते सांग ना.” मी आईच्या आजारपणाचं सांगत गेले. त्या म्हणाल्या, “हेच लिही.” पुढच्या महिन्यात मी वाचलं, ‘दवाखान्यातून आणलं त्या रात्री आईने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली अर्धी माझ्या ताटात सरकवली.’ प्रभूचं नाव त्याच्या पुढच्या ओळीत आलं. ते वाचताना माझाच आवाज भरून आला.

आपण लिहायला बसलो की व्यासपीठावरची भाषा हातात येते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ घरातल्या बोलीत लिहिली, म्हणून ती ख्रिस्ती नसलेल्या घरांतही आवडीने वाचली जातात. हे कुणी व्याख्यानात सांगितलं तर मान डोलावून आपण घरी येतो आणि पुन्हा ‘अद्भुत कार्य’च लिहितो. कुणीतरी आपल्याच वाक्यावर बोट ठेवावं लागतं. आमच्यातले कॅथलिक ‘पाळक’ (आमचे धर्मगुरू) ऐकून थबकतात, आम्ही प्रॉटेस्टंट ‘मिस्सा’ (त्यांची उपासना) ऐकून. वाचणारा कुठे अडेल ते तिथल्या तिथे कळतं.

बैठकीची अडचणही सांगते. सगळे ओळखीचे असतात. सासरचं, कर्जाचं, भावाच्या व्यसनाचं लिहिलं असेल तर ते मंडळीतल्याच माणसांसमोर वाचवत नाही, आणि त्या माणसांचाही विचार करावा लागतो. परिषदेत अनोळखी लोकांपुढे ते सोपं जातं. काही महिने आम्ही दोघीच असतो. कधी प्रत्येक पानाला नुसतं ‘छान’ मिळतं, त्याने कुणाचंच लेखन सुधारत नाही.

त्या मुलीची वही मी चाळली. पूर्ण झालेलं एकच मनन आहे, बाकी सुरुवाती. तिने यंदा बैठकीला यावं, असं मी सांगितलं. चार-पाच लेख हातात पूर्ण झाले की परिषदेला जा, दोन लेख टाइप करून, छापून सोबत ने आणि जेवणाच्या सुट्टीत संपादकांना गाठ. तिचं पुस्तकच तयार असतं तर मी उलट सांगितलं असतं: आधी परिषद, तीही मराठी सत्रं असलेली. येत्या शनिवारी ती बैठकीला येतेय. ते एक मनन घेऊन ये, एवढंच सांगितलं आहे.