जपानमध्ये सहकुटुंब शिकवायला जाताना: गावची सरकारी शाळा की तोक्योची भारतीय शाळा?

जपानमध्ये शिक्षकाची नोकरी शोधणाऱ्या मराठी माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली जपान सरकारच्या जेट कार्यक्रमाची. १९८७ पासून चाललेल्या या योजनेत परदेशी पदवीधरांना सरकारी शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून, म्हणजे तिथल्या बोलीत 'एएलटी' म्हणून नेमतात. भारतातूनही निवड होते, पण मोजक्या जणांची. नेमणूक कुठे होणार हे तुमच्या हातात नसतं. पसंती लिहून देता येते, पण तोक्यो मागणाऱ्याला शिमाने किंवा तोत्तोरीसारखा दूरचा प्रांत मिळाला तर नवल नाही. दुसरी वाट तोक्यो-योकोहामाकडच्या सीबीएसई शाळांची. कोतो वॉर्डातली इंडिया इंटरनॅशनल स्कूल २००४ मध्ये सुरू झाली, तिची शाखा योकोहामात आहे; ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६ पासून तोक्योत आहे. इथे बी.एड. आणि विषय शिकवण्याचा अनुभव विचारतात, आणि तुम्ही पूर्ण वेळ शिक्षक असता, सहायक नव्हे.

तिसरी वाट खासगी इंग्रजी संभाषणवर्गांची. तिथलं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, म्हणजे नेमकं मुलं घरी असतात तेव्हा. एकट्या माणसाला ठीक आहे. संसार असेल तर मी ती वाट यादीतूनच काढेन.

पहिल्या दोन्ही वाटांवर आम्ही राहिलोय. आधी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक लहान गाव, नंतर तोक्योचा पूर्व भाग. कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: मुलांची वयं काय? पगार, घर, हवा हे सगळं त्यानंतर.

सहा वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल

जपानी सरकारी प्राथमिक शाळा परदेशी मुलांना सक्तीची नाही, पण नगरपालिकेत जाऊन प्रवेश मागितला की मोफत मिळतो. सहा वर्षांच्या मुलाला गावातल्या शाळेत घालणं हा जपानमध्ये येण्याचा सर्वांत मोठा फायदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं गटाने चालत शाळेत जातात, वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. पाठीवर ते चौकोनी दप्तर, रांदोसेरू, असतं आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर पिवळा झेंडा घेऊन कुणाचे तरी आजोबा उभे असतात. भाषा पहिल्या वर्षी अडते, मग मूल तुमच्याच उच्चारांना हसायला लागतं. पहिलीत ८० कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, शिकायच्या असतात आणि सगळ्यांनी शून्यापासून शिकायच्या असतात, त्यामुळे आपलं मूल फार मागे पडत नाही.

पण सहावी संपेपर्यंत या कांजींची संख्या १,०२६ वर जाते. अकरा-बारा वर्षांचं मूल थेट या वर्गात बसवलं तर गणित सोडून सगळं त्याच्या डोक्यावरून जातं. गावात जपानी शिकवणारी जादा शिक्षिका मिळालीच तर आठवड्याचे काही तास. पुढे माध्यमिक शाळेची तीन वर्षं, आणि नववीच्या शेवटी उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा, अर्थात जपानीत. काही प्रांतांत परदेशी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, काहींत नसतात. मूल दहाच्या पुढे असेल तर भारतीय शाळेची नोकरी घ्या किंवा येऊच नका, इतकं सरळ सांगेन. जेटची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, करार दरवर्षी नव्याने होतो. बारा वर्षांचं मूल पाच वर्षांनी सतरा वर्षांचं असेल आणि त्याच्या हातात ना धड जपानी शिक्षण असेल, ना भारतीय.

भारतीय शाळेत याच्या बरोबर उलट चित्र. मूल सोमवारी पुण्यातल्या वर्गातून उठून मंगळवारी तोक्योतल्या वर्गात बसू शकतं; पुस्तकं ओळखीची, शैक्षणिक वर्षही एप्रिलपासूनच. परत जायचं ठरलं तरी खोळंबा नाही. मात्र ते जपानमध्ये राहून जपानबाहेरच वाढतं. मित्र आयटीतल्या तेलुगू, तमिळ, मराठी घरांतले, खेळाची भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी. दुकानदाराशी दोन वाक्यं बोलायची झाली तरी आईकडे बघतं. शिवाय आई त्याच शाळेत बाई असणं हा वेगळाच त्रास आहे, शिक्षकांची मुलं ते सांगतील! फीचा प्रश्न इथे मोठा असतो. शिक्षकांच्या मुलांना किती सवलत, एका मुलाला की दोघांना, बसचं भाडं धरून की वगळून, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी घ्या. दोन मुलं असतील तर याच एका ओळीवर सगळा हिशोब फिरतो.

आणि मराठीचं काय? गावात घरापुरतीच मराठी उरते, आणि भावंडं एकमेकांत जपानी बोलू लागली की तीही आक्रसते. तोक्योत निदान मराठी मंडळ आहे, गणपती आहे, दिवाळीचा फराळ आहे. भारतीय वेळ साडेतीन तास मागे, त्यामुळे गावात असताना आजीचा रात्रीचा फोन मुलं झोपल्यावर यायचा. रविवार सकाळ राखून ठेवली तेव्हा कुठे जमलं.

पगार नव्हे, हातात काय उरतं ते

एप्रिल २०२५ पासून जेटमध्ये पहिल्या वर्षाचा पगार ४०,२०,००० येन आहे, म्हणजे महिन्याला ३,३५,०००. त्यातून आरोग्य विमा आणि पेन्शनपोटी पंधरा टक्क्यांच्या आसपास जातात. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कराची बिलं येतात, तीही आदल्या वर्षाच्या कमाईवर. नवी मंडळी इथे हमखास दचकतात. तिकीट फक्त शिक्षकाचं मिळतं, कुटुंबाचं नाही. भारतीय शाळांचे पगार शाळेगणिक आणि विषयागणिक बदलतात, म्हणून तिथे वार्षिक आकड्यासोबत बोनस, घरभाडं आणि सुट्टीतला पगार हे तिन्ही विचारावं.

भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक. गावात जुनं का होईना, तीन खोल्यांचं घर तीस ते साठ हजार येनमध्ये मिळतं. काही पालिका शिक्षकांची वस्ती याहून स्वस्तात देतात. तोक्योच्या पूर्वेकडच्या निशिकासाईत, जिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, कुटुंबाला पुरेल अशा घराला सव्वा ते पावणेदोन लाख मोजावे लागतात. तिथे भारतीय घरं यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींवर भिस्त ठेवून असतात, कारण तिथे जामीनदार लागत नाही, मालकाला परत न मिळणारी 'भेट' द्यावी लागत नाही, दलालीही नाही. अट मात्र उत्पन्नाची आहे. ८२,५०० ते दोन लाखांच्या दरम्यान भाडं असेल तर महिन्याचं उत्पन्न साधारण ३,३०,००० हवं. शिक्षकाचा पगार या रेषेच्या आसपासच घोटाळतो, त्यामुळे ऑफर हातात आली की आधी ही रेषा तपासा.

गावात भाडं वाचतं ते मोटारीत जातं. पिवळ्या पाटीची लहान 'केई' गाडी घ्यावीच लागते, दर दोन वर्षांनी तिची सक्तीची तपासणी, हिवाळी टायर वेगळे. भारतातलं आंतरराष्ट्रीय परमिट पहिलं वर्ष चालतं, नंतर जपानी परवाना काढावा लागतो आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती परीक्षा बरीच कडक झाली आहे. घर गरम ठेवायला रॉकेलचा स्टोव्ह. जपानी घरांच्या भिंती किती पातळ असतात ते जानेवारीत कळतं. तरीही गोळाबेरीज केली तर शिल्लक गावातच जास्त पडते, कारण पैसे खर्च करायला जागाच नसते.

सरकारी सोयी दोन्हीकडे बहुतांशी सारख्या. दवाखान्यात ३० टक्के आपण भरायचे, बाकी विमा. मुलांच्या औषधपाण्याला पालिका वेगळी मदत करतात. ऑक्टोबर २०२४ पासून बालभत्ता मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत मिळतो: तीन वर्षांखाली महिना १५,००० येन, पुढे १०,०००, तिसऱ्या मुलाला ३०,०००. परदेशी रहिवाशांनाही तो आहे, पण अर्ज स्वतः पालिकेत जाऊन करावा लागतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांची बालवाडी २०१९ पासून मोफत आहे.

जोडीदार दुपारी काय करणार?

याचा विचार निघण्याआधी फारच थोडे करतात आणि परत जाण्याची कारणं मात्र इथूनच निघतात. अवलंबित व्हिसावर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. पुण्यात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या माणसाला हे २८ तास बोचतात. गावात ते तास म्हणजे सुपरमार्केटचं पॅकिंग, हॉटेलातली साफसफाई किंवा मोसमात शेतावर. त्या माणसाला जपानी येत नसेल तर तेही अवघड. माझ्या नवऱ्याने शेवटी पालिकेच्या मोफत जपानी वर्गात नाव घातलं, आणि गावातले अर्धे म्हातारे त्याचे मित्र झाले. असा स्वभाव सगळ्यांचा नसतो.

तोक्योत जोडीदाराला स्वतःची नोकरी आणि स्वतःचा कामाचा व्हिसा मिळण्याची शक्यता खरी आहे, विशेषतः आयटीत. अडचण येते ती पाळणाघराची. सरकारी पाळणाघरात प्रवेश पालकांच्या कामाच्या तासांवरून गुण लावून देतात. दोघं पूर्ण वेळ काम करणारे वर, २८ तासवाले खाली. गावात मुलंच कमी, त्यामुळे जागा बहुधा रिकाम्या असतात आणि अर्धवेळ कामावरही मूल आत जातं. नोकरी मिळेपर्यंत पाळणाघर नाही आणि पाळणाघर नसेल तर नोकरी शोधता येत नाही, ही कुचंबणा तोक्योची खासियत.

माणसांचंही तसंच. निशिकासाईत दार उघडलं की शेजारी भारतीय, पण सगळे घाईत. गावात तुम्ही एकमेव भारतीय कुटुंब. कुणीतरी न सांगता दारात मुळे ठेवून जातं, आणि तुम्ही काल कुठल्या दुकानात गेला होता तेही सगळ्यांना माहीत असतं.

खाणं

मांसाहारी घराला फारसा प्रश्न नाही. शाकाहारी घरासाठी शाळेचं सामूहिक जेवण हा खरा पेच, कारण रश्शात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतोच. मुख्याध्यापकांशी बोलून डबा देता येतो, पण सगळा वर्ग तेच खात असताना आपलं मूल वेगळा डबा उघडतं, हे आधी मनाशी ठरवा. भारतीय शाळेत हा विषयच निघत नाही. तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याचं साहित्य निशिकासाईत पायी जाऊन आणता येतं. गावात तोक्योतल्या शिन-ओकुबोच्या दुकानांतून कुरियरने मागवायचं. कोथिंबीर कुंडीत लावा.

नोकरीचा पुढचा रस्ता

एएलटीला बढती नसते. वर्गात मुख्य शिक्षक जपानी, तुम्ही मदतीला; पूर्ण शिक्षक व्हायला जपानी परवाना लागतो. दुपारी सव्वाचारला तुमचा दिवस संपतो आणि स्टाफरूममधले बाकीचे सात-आठपर्यंत बसलेले असतात, त्याची सवय करून घ्यावी लागते. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डच्या सभागृहावर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउराच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचं उदाहरण मला बरेच जण देतात. पण ते जपानी नागरिकत्व घेऊन, कित्येक वर्षं तिथे काढून झालेलं काम आहे, एएलटीच्या शिडीची वरची पायरी नव्हे. भारतीय शाळेतला अनुभव मात्र भारतात परतल्यावर थेट मोजला जातो.

आजी-आजोबांना दोन्हीकडे एकच नियम: अवलंबित व्हिसा जोडीदार आणि मुलांनाच, आईवडिलांना पाहुणा व्हिसावर फार तर ९० दिवस. बाळंतपणाला आई येईल हे गृहीत धरून येणाऱ्यांनी तारखा नीट मोजाव्यात. आणि गावाला जायचं तर आधी तोक्यो किंवा ओसाकाला उतरून पुढचा प्रवास, तोही त्यांना एकट्याने न जमणारा.

माझा कौल असा: मुलं सातच्या आत आणि जोडीदार मोकळा, शिकायला तयार, तर जेट आणि गाव, डोळे झाकून. मोठं मूल, किंवा जोडीदाराला स्वतःचं करिअर सोडायचं नसेल, तर तोक्यो, शिल्लक कमी पडली तरी.

येण्याच्या वेळेचंही बघून घ्या. जेटची मंडळी जुलैअखेर-ऑगस्टमध्ये पोचतात, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत, आणि मूल नंतर चालू वर्गात मधेच शिरतं. भारतीय शाळांच्या जागा मुख्यतः एप्रिलच्या सत्रासाठी भरतात. दोन्हीकडे शिक्षकाने आधी एकट्याने यावं, घर आणि बँक लावून मग कुटुंबाच्या व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता-प्रमाणपत्राचा अर्ज करावा. त्याला एक ते तीन महिने लागतात.